पहिलीच्या वर्गातला एक आठवडा

(राजूर येथे सभासद व विद्यार्थी यांच्या मेळाव्यात एका सेवानिवृत्त शिक्षिकेने केलेले भाषण)



आत्ताच दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार झाला. पुष्पगुच्छ दिले, फोटो निघाले, आईबापांचे डोळे भरून आले. मीही मनापासून टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मला शिक्षणावर बोलायला सांगितले आहे. शिक्षण म्हटले की आपले वक्ते लगेच कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनला जाऊन पोहोचतात. मी तेवढ्या दूर जाणार नाही. माझी सारी नोकरी पहिली-दुसरीच्या वर्गात गेली, म्हणून मी तुम्हाला पहिलीच्या वर्गात नेते. सोमवार ते शनिवार. टाटपट्टीवर थोडे सरकून बसा.

पहिलीच का, ते आधी सांगते. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात बाबासाहेब शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. त्या भाषणात त्यांनी सरकारपुढे हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत शंभर मुले दाखल होतात, त्यांतली फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. प्राथमिक शाळेत पाऊल टाकलेले मूल कायमचे साक्षर होईल अशा टप्प्यावरच बाहेर पडले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. यानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तळ्याची हकिकत आपल्या लेकरालेकराला पाठ आहे. कौन्सिलातल्या त्या हिशेबाची आठवण मात्र मी आपल्या सभांतून क्वचितच ऐकली.

आता तुम्ही म्हणाल, बाई, आज कोण पहिलीतून शाळा सोडते? खरे आहे. नाव पटावर राहते, मूल वर सरकत जाते. पण न वाचताच वर सरकणारी मुले मी माझ्या हाताने पुढच्या वर्गात पाठवली आहेत. पूर्वी ते ८२ शाळेबाहेर जात. आता त्यांतले काही शाळेतच बसलेले असतात, एवढा फरक.

सोमवारपासून सुरू करू. परिपाठ झाला, हजेरी झाली की मी पुस्तक उघडत नसे. रविवारी काय काय झाले ते मुलांनी सांगायचे. कोणाची बकरी व्याली, कोणाचा मामा आला, कोणाचे वडील खाणीतून उशिरा आले. आपले राजूर कोळसा खाणी आणि चुनाभट्ट्या यांच्या आधाराने वाढलेले गाव. कामासाठी माणसे कुठून कुठून आली. त्यामुळे एका टाटपट्टीवर वऱ्हाडी बोलणारे, हिंदी बोलणारे, घरी तेलुगू बोलणारे आणि एखादे कोलामी बोलणारे लेकरू शेजारी शेजारी बसते. पुस्तक मात्र सगळ्यांना एकच. पुस्तकात चित्र बटाट्याचे, मूल म्हणते आलू. पुस्तकात कोथिंबीर, मूल म्हणते सांबार. टोमॅटोला भेदरं, बैलगाडीला बंडी, शेताला वावर. मूल चुकलेले नसते. ती वस्तू आपल्याला माहीत आहे, हेच ते आनंदाने सांगत असते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मला हे कळत नव्हते. एक मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, मले येते." मी म्हटले, "मले नाही, मला म्हण." वर्ग हसला. ती खाली बसली ती दिवाळीपर्यंत बोलली नाही. दिवाळीपर्यंत! तिला काय येत होते हे मी विचारलेसुद्धा नाही. त्यानंतर मी नियम केला. सोमवारी जे बोलायचे ते घरच्या बोलीत, आणि मी तेच शब्द फळ्यावर लिहायची. आलू आणि बटाटा, दोन्ही. प्रमाण भाषा शिकवायचीच, तिच्याशिवाय पुढे परीक्षा नाहीत. पण ती लेकराच्या तोंडात दुसरा घास म्हणून द्यावी, पहिला घास हिसकावून नव्हे.

मंगळवार आणि बुधवार अक्षरांचे. येथे जरा थांबते, कारण खरी गोम येथेच आहे.

आमच्या लहानपणी अंकलिपीत ग गणपतीचा, भ भटजीचा, य यज्ञाचा असे. चळवळीतल्या घरांनी त्याऐवजी भ भीमाचा, ब बुद्धाचा म्हणायला सुरुवात केली. ते योग्यच केले. पण शिक्षिका म्हणून एक सांगते, राग मानू नका. भ भटजीचा असो की भीमाचा, मूल जर ते नुसते सुरात म्हणत असेल तर त्याला भ येत नाही. त्याला गाणे येते. अक्षर ओळखणे म्हणजे 'भ' हे एकटे अक्षर दुकानाच्या पाटीवर, बसवर, निळ्या झेंड्याखालच्या फलकावर कुठेही दिसले तरी बोट ठेवून सांगणे.

म्हणून आम्ही 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत ओळीने न जाता ग, म, भ, न अशी वळणाने जवळची अक्षरे आधी घेत होतो. पाटीवर एकातून दुसरे सहज निघते. चार अक्षरे आली की लगेच शब्द होतात, मग, नग, मन, गगन, नमन. मुलाला पहिल्याच पंधरवड्यात कळते की अक्षरे जोडली की अर्थ निघतो. मग काना. काना आला की मामा, नाग, गाना, मान. मग वेलांटी, उकार, मात्रा. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी. मंगळवारी काना शिकवला आणि त्या दिवशी मूल आले नाही, तर बुधवारी फळ्यावरचा 'मामा' त्याच्यासाठी 'मम' आणि दोन उभ्या काठ्या. ते काही बोलत नाही. शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहून ओठ हलवते. चाळीस मुलांच्या आवाजात एका मुलाचे हललेले ओठ शिक्षकाला वाचनच वाटते.

असाच एक मुलगा माझ्या वर्गात होता. हुशार, चुणचुणीत, वडील भट्टीवर कामाला. पुस्तक हातात घेतले की घडाघडा वाचायचा. तपासणीला साहेब आले, मी त्यालाच उभे केले. साहेब खूश. मुलगा जागेवर गेला तेव्हा माझे लक्ष गेले, पुस्तक त्याने उलटे धरले होते. धडा त्याला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पाठ होता, कारण त्याने तो मोठ्या बहिणीकडून ऐकला होता. अक्षर एकही येत नव्हते. मी काय केले? मार्च महिना होता. पहिली-दुसरीत मुलाला मागे ठेवायचे नाही असा नियम होता. मी प्रगतिपुस्तकावर 'वाचन चांगले' लिहिले आणि त्याला दुसरीत पाठवले. दुसरीच्या गुरुजींना सांगायचे राहून गेले. राहून गेले म्हणते, खरे म्हणजे लाज वाटली.

तो पाचवी-सहावीत शाळेतून गेला. पुष्कळ वर्षांनी वणीला बँकेत भेटला. पाया पडला. ट्रक चालवतो म्हणाला. मग खिशातून पैसे भरायची चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली. "बाई, एवढं भरून द्या." मी भरून दिली. माझ्याच हाताने.

गुरुवार गणिताचा. तसे गणित रोजच असे, पण गुरुवारी चिंचोके आणि तुराट्यांच्या काड्या निघत. दहा काड्यांचा एक गठ्ठा, सुट्या काड्या वेगळ्या. तीन गठ्ठे आणि पाच सुट्या म्हणजे पस्तीस. येथे मराठीची एक अडचण आहे. आपण 'पस्तीस' म्हणतो तेव्हा आधी पाच ऐकू येते आणि मग तीस, लिहिताना मात्र तीन आधी. म्हणून 'बहात्तर' म्हटले की निम्मी मुले २७ लिहितात. मूल मठ्ठ नसते, ते कानाने ऐकले तसे लिहीत असते.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात संख्या 'वीस एक', 'वीस दोन' अशाही वाचायला दिल्या, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! वर्तमानपत्रांत, विधानसभेत चेष्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण समजावून सांगितली, पण ऐकायच्या मनःस्थितीत थोडेच होते. मी तेव्हा मनात म्हटले, आपल्या राजुरात या आणि पाहा. घरी तेलुगू बोलणारे लेकरू 'इरवै ओकटि' म्हणते, म्हणजे वीस एक. ते मूल घरी सरळ मोजते आणि शाळेत येऊन अडखळते. माझे मत असे की पहिली-दुसरीत दोन्ही म्हणू द्यावे. एकवीस तर शिकवावेच, बाजारात तेच लागते. पण गठ्ठा आणि सुटे हातात आल्यावर शिकवावे.

शुक्रवारी चित्र, गाणी, माती. तान्ह्या पोळ्याच्या आधी मातीचे बैल. त्यावर फार बोलत नाही, एवढेच सांगते की मातीचा बैल वळणारी बोटे पेन्सिलही चांगली धरतात. त्या तासाला 'नुसते खेळतात' म्हणून नाक मुरडू नका.

शनिवारी सकाळची शाळा. नखे पाहायची, कवायत, एक गोष्ट, आणि शेवटी अर्धा तास प्रत्येकाने एकेकट्याने एक ओळ वाचायची. समूहात नाही, एकट्याने, पानावर मी बोट ठेवीन तेथून. उलट्या पुस्तकानंतर मी हे सुरू केले. सहा दिवसांतला हा अर्धा तास मला सर्वांत मोलाचा वाटे.

गोष्टींत एक मी दरवर्षी सांगायची, सोबत तांब्या ठेवून. मज्झिम निकायात आहे ती. तथागत राहुलाला भेटायला गेले. राहुल तेव्हा सात वर्षांचा होता असे परंपरा सांगते, म्हणजे आपल्या दुसरीतल्या मुलाएवढा. पाय धुतल्यावर तथागतांनी भांड्यात थोडे पाणी ठेवले आणि विचारले, हे एवढेसे पाणी दिसते का? मग ते सांडले, भांडे पालथे केले, पुन्हा उलथे करून रिकामे दाखवले, आणि प्रत्येक वेळी खोटे बोलण्याबद्दल सांगितले. पुढे विचारले, आरसा कशासाठी असतो? सम्राट अशोकाने बैराटजवळच्या भाब्रू लेखात भिक्षू आणि उपासकांनी वारंवार ऐकावीत अशी जी वचने नावानिशी सांगितली, त्यांत राहुलाला केलेला हा उपदेश आहे. माझ्या वर्गात सर्व धर्मांची मुले होती. मी ती बापाने लेकाला शिकवल्याची गोष्ट म्हणून सांगे. मुले तांब्या पालथा करून पाहत. प्रशिक्षणात आम्हाला मूर्ताकडून अमूर्ताकडे जावे असे शिकवले. ते मला पटले या तांब्यामुळे.

तर असा आठवडा. पण हा सबंध आठवडा किती मुलांना मिळतो? शनिवार आणि सोमवार हे पट सर्वांत रिकामे असण्याचे दिवस. शनिवारी गावाला गेले, सोमवारी उशिरा परतले. बाजाराच्या दिवशी धाकट्याला सांभाळायला घरी ठेवले. कापूस वेचणी निघाली की आई पहाटे वावरात, आणि सहा वर्षांची मुलगी घरी दोन वर्षांच्या भावाची आई. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस शाळा हवी. आठवड्याचे सहा दिवस धरले आणि मूल त्यांतला एकच दिवस चुकले, तर वर्षाचे ३३ दिवस गेले. दोन दिवस चुकले तर ६६. म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा. आणि ते कोणते दिवस? कदाचित कान्याचा, कदाचित मात्रेचा.

१९९५ साली पोषण आहार योजना आली तेव्हा महिन्याला ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला तीन किलो तांदूळ मिळे. हजेरी लावा म्हणून पालक माझ्याशी भांडायला येत. मला राग येई. पण एक कबूल करते, त्या तांदळाने जेवढी मुले शनिवारी शाळेत बसवली तेवढी माझ्या उपदेशाने बसवली नाहीत. पुढे शिजवलेले अन्न सुरू झाले, ते आणखी बरे. २०२१ साली केंद्र सरकारने 'निपुण भारत' अभियान सुरू केले, तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आणि मोजता यावे असे २०२६-२७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले. कागद चांगला आहे. पण धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसलेल्या त्या मुलीला कागद शाळेत आणणार नाही. मी तिला भावासह वर्गात बसू दिले होते. नियमात बसत नव्हते. तो शाईची दौत सांडायचा, रडायचा. ती मुलगी वाचायला शिकली.

अजून एक गोष्ट, आपल्यातलीच, म्हणून येथेच बोलते. सातारच्या शाळेत बाबासाहेब घरून नेलेल्या गोणपाटावर बसत. शिपाई नळ उघडी तेव्हाच पाणी मिळे. ७ नोव्हेंबर १९०० हा त्यांचा त्या शाळेतल्या प्रवेशाचा दिवस आपण दरवर्षी साजरा करतो. आज वर्गात गोणपाट नाही. पण मागची रांग आहे. तेथे कोण बसते ते कधी पाहा. सर्वांत शेवटी गावात आलेल्या मजुराचे पोर, कोलामाचे पोर, ज्याच्या अंगाला वास येतो म्हणून शेजारी कोणी बसत नाही ते पोर. ते आपल्या जातीचे नसेल. नाक धरून बाजूला सरकणारे मात्र कधी कधी आपल्या घरचे असते. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे.

काही बाप मला म्हणतात, बाई, आम्ही पोट मारून पोराला इंग्रजी शाळेत घातले. घाला. पण तेथेही एकदा पुस्तक उलटे करून पाहा. फी भरून पाठ केलेले इंग्रजी गाणे आणि फुकट पाठ केलेला मराठी धडा, यांत अक्षर न येण्याचे दुःख सारखेच.

आता मागणे. संस्था दरवर्षी सत्कारावर खर्च करते, तो करावा. त्यासोबत रविवारचा एक तास द्यावा. वंदना झाल्यावर विहारातच, सकाळी आठ ते नऊ. पहिली-दुसरीची मुले, कोणाचीही, कोणत्याही वस्तीतली. शिकवणी नको, गृहपाठ नको, मार तर मुळीच नको. ज्यांचा आज सत्कार झाला त्या मुलामुलींनी दोन-दोन लेकरे वाटून घ्यावीत. मधल्याच पानावर बोट ठेवायचे, चित्र हाताने झाकायचे आणि म्हणायचे, वाच. जेथे अडेल ते अक्षर वहीत लिहून ठेवायचे. पुढच्या रविवारी त्याच अक्षरापासून सुरुवात. आणि ज्या आयांना स्वतःला वाचता येत नाही त्यांनाही हे तपासता येते. लेकराला तोच शब्द पुस्तकात दोन ठिकाणी दाखवायला सांगा. दोन्हीकडे बोट बरोबर पडले की नाही ते कळायला अक्षर यावे लागत नाही, डोळे लागतात.

सतरंज्या विहारात आहेत. पंधरा पाट्या, खडूचा एक डबा आणि बालभारतीची पहिली-दुसरीची जुनी पुस्तके हवीत. पुस्तके मी घरून आणते, पाट्यांचे अध्यक्ष महोदयांनी पाहावे. येत्या रविवारी मी पावणेआठला येऊन कुलूप उघडून ठेवीन, किल्ली आज माझ्याकडे देण्याची व्यवस्था व्हावी. ज्या मुलामुलींना यायचे आहे त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला भेटून नाव सांगावे.